गुणगुण आधी, डॅक नंतर

मिरज

चि. भाचेबुवांस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. उत्तर पत्रानेच देतो आहे, कारण फोनवर तू दोन वाक्यांनंतर ‘हो मामा, कळलं’ म्हणून पुढे पळतोस. तू यादी पाठवली आहेस: पन्नास हजारांचा डॅक, जवळजवळ तेवढ्याच किमतीचा अँप्लिफायर, सहा हजारांची यूएसबी वायर आणि स्पीकरखाली ठेवायचे पितळी पाय. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, एक ओळ: लॅपटॉपवरून ऐकताना आवाज पातळ लागतो, आणि चार्जर लावला की मागे गुणगुण येते. मला विचारशील तर त्या सबंध मेसेजमध्ये कामाची ओळ तेवढीच. या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणंही वेगळी असणार, आणि यादीतल्या वस्तू घेऊन त्या तक्रारींतली एकही जाईल याची खात्री मला देता येत नाही.

सध्या तुझी जोडणी अशी दिसते: लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून साडेतीन एमएमची पिन, तिची दुसरी टोकं म्हणजे लाल-पांढऱ्या आरसीए पिना मित्राने दिलेल्या जुन्या अँपमध्ये, आणि तिथून दोन बुकशेल्फ स्पीकर. आवाज पातळ म्हणजे खर्ज गेलेला, गाणाऱ्याचा गळा दोन स्पीकरच्या मधोमध उभा न राहता खोलीभर सांडलेला, असंच ना? मग माझा पहिला संशय स्पीकरच्या वायरींवर आहे. दोघांपैकी एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली असेल, तर एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. अँपपासून स्पीकरपर्यंत वायरचा पट्टा हाताने चाचपत जा, लाल लालला आणि काळी काळ्याला आहे का बघ. शंका राहिली तर दोन्ही स्पीकर समोरासमोर वीतभर अंतरावर ठेवून एखादं जुनं मोनो गाणं लाव. मग एकाच स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल करून (अँप बंद करून, बाबा) पुन्हा ऐक. ज्या जोडणीत ढोलका भरून येतो ती बरोबर. या उपायाला एक रुपयाही लागत नाही, म्हणून तो आधी सांगितला.

आता डॅककडे येतो. कॉम्प्युटरच्या लेखी गाणं म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या हिशेबात प्रत्येक बाजूला सेकंदाला ४४,१०० आकडे, आणि प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसलेला. यालाच १६ बिट म्हणतात. त्या आकड्यांची पुन्हा विजेची लहर करणारी चिप म्हणजे डॅक. ती तुझ्या लॅपटॉपमध्ये आहे, खिशातल्या ब्लूटूथच्या गोळ्यांमध्येसुद्धा आहे. म्हणजे ‘डॅक घ्यावा का’ हा प्रश्नच नाही. असलेला डॅक खोक्याबाहेर काढावा का, एवढाच प्रश्न. लॅपटॉपच्या आत प्रोसेसर, पंखा, वायफाय अशी गर्दी असते आणि तिचा गोंगाट कधी कधी आवाजाच्या वाटेत झिरपतो. माउस हलवला की स्पीकरमध्ये बारीक चिरचिर ऐकू येणं, ही त्याची खूण. तसं होत असेल तर बाहेरचा डॅक जरूर घ्यावा. लॅपटॉपचं भोक सैल झालं असेल, खरखरत असेल, तरी घ्यावा. हेडफोन जड प्रकृतीचे असतील तर डॅक आणि अँप एकत्र असलेली डबी घ्यावी. याखेरीज चौथं सबळ कारण मला माहीत नाही. हौस हे कारण असू शकतं, पण हौसेला मामाचा सल्ला लागत नाही.

हे काम आता स्वस्तात उत्तम होतं, हे मात्र मनावर घे. फिलिप्स आणि सोनी यांची सीडी १९८२ मध्ये बाजारात आली तेव्हा १६ बिटांची बिनचूक चिप बनवणं इतकं अवघड होतं की फिलिप्सने आपल्या पहिल्या प्लेअरमध्ये १४ बिटांची चिप घातली आणि चौपट ओव्हरसँपलिंग करून तिच्याकडून १६ बिटांचं काम करून घेतलं. आज फोनला लावायच्या बोटभर डोंगलमध्येही त्याहून सरस चिप असते. आकड्यांवर भाळणाऱ्यांसाठी हिशेब सांगतो. एका बिटाला साधारण ६ डेसिबल, म्हणजे १६ बिटांना ९६. रात्री बाराला तुझी खोली कितीही शांत वाटली, तरी तिथे ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. सीडीतला सगळ्यात हलका आवाज त्या ३० च्या वर काढायचा म्हटलं, तर सगळ्यात मोठा आवाज सव्वाशेच्या पुढे जाईल. तिथे कान दुखायला लागतात. २४ बिटांना कागदावर १४४ मिळतात, पण चांगल्यातला चांगला डॅकसुद्धा प्रत्यक्षात १२० च्या आगेमागे थांबतो, कारण प्रतिरोधकांमध्ये खोलीच्या तापमानालाच जो सूक्ष्म खवखवाट असतो तो कुणाच्याच बापाला टाळता येत नाही.

आणि तू ऐकतोस काय? निम्मा वेळ आमच्या मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या. त्या ध्वनिमुद्रणात पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर फारसं काही शिल्लक नसतं, आणि सुई तबकडीवर घासल्याचा आवाज खाँसाहेबांच्या तंबोऱ्यांपेक्षा मोठा. उरलेला निम्मा वेळ कुणीतरी कॅसेटवरून यूट्यूबवर चढवलेल्या मैफली. त्या फायलींसाठी १९२ किलोहर्ट्झचा डॅक घेऊन उपयोग काय? ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ हजार हर्ट्झपर्यंतचं सगळं येतं. धडधाकट तरुण कान २० हजारांना थांबतो आणि माझ्या वयाचा त्याच्या कितीतरी अलीकडे. मेयर आणि मोरान या दोन अमेरिकनांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज सरळ ऐकवायचा, किंवा मधेच सीडीच्या मापातून गाळून ऐकवायचा, आणि कुठला कोणता ते ओळखायला सांगायचं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही तितकीच आली असती.

याच्या उलट अनुभव तुला दुकानात येईल. दोन डॅक लावून दाखवतील आणि महागडा खरोखरच ‘उघडा’ वाटेल. तो बहुतेक वेळा किंचित मोठ्याने वाजत असतो, बस्स. अर्ध्या डेसिबलचा फरक कानाला मोठेपणा म्हणून कळत नाही, चांगुलपणा म्हणून कळतो. घरी तुलना करशील तेव्हा १०० हर्ट्झचा एक सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोज आणि दोन्ही डॅकना एका टक्क्याच्या आत सारखं आण. साधा मल्टिमीटर वरच्या कंपनांवर भलतंच दाखवतो, म्हणून १०० हर्ट्झ. मग तू पाठ करून बस आणि वायर सूनबाईंना बदलू दे. त्यांनी काय लावलंय ते सांगायचं नाही, चेहऱ्यावरही दाखवायचं नाही. या परीक्षेत पन्नास हजारांचा डॅक पास झाला तर खुशाल घे.

या धंद्यात एक मोठा गमतीदार माणूस होऊन गेला. होऊन गेला म्हणजे गायब झाला. ‘एनडब्ल्यूएव्हगाय’ एवढ्या टोपणनावाने तो लिहायचा, खरं नाव कधी सांगितलंच नाही. बडे बडे अँप मोजमापात कुठे लंगडतात ते तो आकड्यांनिशी दाखवायचा. मग २०११ मध्ये त्याने ओ-टू नावाचा हेडफोन अँप स्वतःच तयार केला, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवरही चालणारा, बाजारात सहज मिळणाऱ्या भागांचा, आणि आराखडा सगळ्यांसाठी खुला करून टाकला. पुढच्या वर्षी त्याचा ओडॅक आला. त्याच वर्षी हा माणूस असा नाहीसा झाला की आजतागायत पत्ता नाही. मला त्याचा तिरसटपणा फारसा आवडत नाही, पण आधी मोजा आणि मग बोला, हा त्याचा हट्ट मला पटतो.

बरं, समज डॅक घेतलासच. जोडायचा कसा? त्याची यूएसबी वायर थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये जाऊ दे. ज्या हबवर हार्ड डिस्क आणि कीबोर्ड लटकताहेत त्यावर नको. घेताना त्यावर ‘असिंक्रोनस’ लिहिलेलं असेल, आजकाल बहुतेकांवर असतंच. त्याचा अर्थ असा की आकडे कोणत्या ठेक्यात हवेत ते डॅकचं स्वतःचं घड्याळ ठरवतं, कॉम्प्युटरचं नाही. यूएसबी ऑडिओच्या पहिल्या वर्गातले डॅक २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत चालतात आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर लावल्या लावल्या बोलतात. त्यावरचा दुसरा वर्ग मॅक आणि लिनक्सला खूप आधीपासून कळतो. विंडोजला तो आपणहून कळायला २०१७ उजाडलं, विंडोज १० च्या एका अपडेटमध्ये. तुझ्या ऑफिसने तुला अजून त्याहून जुनं विंडोज दिलं असेल तर कंपनीचा ड्रायव्हर टाकावा लागेल.

लावल्यावर साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट म्हणून डॅकचं नाव निवड. तुझा मोठा मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला आहे, तो जागा झाला की विंडोज कधी कधी आवाज गुपचूप त्याच्याकडे वळवतं. डॅक मुका झाला म्हणून घाबरण्याआधी तेवढं तपास. त्याच ठिकाणी ‘एनहान्समेंट’ म्हणून जे काही असेल ते बंद कर आणि फॉरमॅट २४ बिट, ४४,१०० ठेव. विंडोज सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र मिसळून एकाच दराने बाहेर पाठवतं. तू बहुतेक सीडीच्या मापाचं ऐकतोस, तेव्हा दर तोच ठेवला की मधलं रूपांतर टळतं. दिवसभर यूट्यूबच चालू असेल तर ४८,००० ठेव. खरं सांगायचं तर दोन्हींतला फरक तुला ऐकू येणार नाही, पण तुला असल्या गोष्टींनी झोप लागत नाही हे मी जाणतो. फूबार२००० सारख्या फुकट प्लेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड असतो. त्यात विंडोजचं मिसळणं पूर्ण टळतं आणि मेसेज आल्याचा ‘टिंग’ मारव्याच्या आलापात घुसत नाही. तो मोड घेण्याचं माझ्या मते एवढंच खरं कारण.

सहा हजारांची वायर रद्द कर. यूएसबीवरून आवाज जातो तेव्हा चुकलेला आकडा पुन्हा मागवला जात नाही, हे खरं आहे, आणि वायर विकणारे हेच वाक्य अर्धवट सांगून घाबरवतात. पण वायर खराब असेल तर टक-टक होतं, आवाज तुटतो. तार सप्तक मऊ झालं, मंच रुंदावला, असलं काही होत नाही. डॅकच्या खोक्यात येते ती वायर बरोबर असते. अधूनमधून टक-टक आलीच, तर आधी दुसरं पोर्ट बघ आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबीला झोपवण्याची जी सोय असते ती बंद कर.

आवाजाचं बटण कुठे फिरवायचं, यावर तुझा गोंधळ झालेला दिसतो. एक लॅपटॉपमध्ये, एक डॅकवर, एक अँपवर. गच्चीवरची टाकी भरलेली ठेवायची आणि पाणी किती हवं ते नळावर ठरवायचं, तसं कर: विंडोज १०० वर, डॅकला बटण असेल तर पूर्ण, आणि रोजचं फिरवणं फक्त अँपवर. डॅकच्या लाइन-आउटमधून साधारण २ व्होल्ट निघतात आणि अँपची अपेक्षाही तीच असते. विंडोजमध्ये २० ठेवून अँप शेवटपर्यंत पिळलास, तर गाण्याबरोबर अँपची स्वतःची सुरसुरही वर येते. बाकी विंडोजचं बटण अधूनमधून खाली केल्याने गुणवत्ता मातीला मिळते वगैरे खोटं आहे. १६ बिटांचं गाणं २४ बिटांच्या वाटेने जाताना वाटेत बरीच मोकळी जागा असते. एक मात्र कधीही करायचं नाही: ज्या पॉवर अँपला आवाजाचं बटणच नाही त्याला डॅक सरळ जोडून कॉम्प्युटर १०० वर ठेवायचा नाही. एक ‘टिंग’ वाजेल आणि स्पीकरमधला वरचे स्वर वाजवणारा ट्विटर जाईल.

आता गुणगुण.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अँपच्या पॉवर सप्लायमध्ये तिचा एकदिश प्रवाह होतो तेव्हा लहरीचे दोन्ही भाग वापरले जातात, म्हणून तिथली शिल्लक घरघर १०० हर्ट्झची असते. पांढरी एकचा षड्ज धरून गाणाऱ्याचा खालचा पंचम ९८ हर्ट्झच्या आसपास पडतो. म्हणजे तीच ऐकू येत असेल तर तुझ्या खोलीत एक जरा चढलेला पंचम अखंड चालू असतो आणि तंबोऱ्याशी भांडत असतो. आमच्या सतारमेकर गल्लीत जवारी लावणारा कारागीर इतक्या फरकाला तार परत उतरवतो. तू मात्र त्यावर पितळी पाय लावायला निघालास. तेव्हा आधी गुणगुण कुठून येते ते शोध, आणि शोधताना क्रम सोडू नकोस.

पहिलं: चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालव. तू लिहिल्याप्रमाणे गुणगुण जाईल. त्याचा अर्थ दोष लॅपटॉपच्या डॅकचा नाही, दोष वाटेचा आहे. चार्जरच्या तिसऱ्या पिनेतून लॅपटॉप अर्थला जोडलेला, अँपही आपल्या पिनेतून अर्थला जोडलेला, आणि दोघांना जोडणारं आरसीए वायरचं बाहेरचं जाळीदार कवच. झालं एक वर्तुळ पूर्ण. घराच्या दोन कोपऱ्यांतल्या दोन प्लगांच्या अर्थमध्ये किंचित जरी व्होल्टचा फरक असला, तरी त्या कवचातून प्रवाह वाहतो आणि अँप त्यालाच गाणं समजून मोठं करतो. तुझा अँप दोन पिनांचा असला तरी सुटका नाही. चार्जरमधून सूक्ष्म गळती होते, आणि अर्थ नसली की ती याच कवचातून वाट काढते.

दुसरं: बॅटरीवरही गुणगुण राहिली तर आरसीए पिना अँपमधून उपटून बघ. तरीही राहिली तर अँपच आजारी आहे. इतक्या जुन्या अँपमध्ये फिल्टरचे मोठे कपॅसिटर सुकतात. तो दोन-तीनशे रुपयांचा माल आणि तासाभराचं काम. पण उघडू नकोस, बंद केल्यावरही त्यात वीज साठलेली असते. माझ्याकडे घेऊन ये, मी बदलून देतो.

आणि ज्यासाठी मी हे पत्र लिहायला बसलो ते इथे आहे. गुणगुण वर्तुळाची असेल तर पन्नास हजारांचा डॅक लावूनही ती जाईलच असं नाही. यूएसबीच्या वायरमध्ये आकड्यांच्या दोन तारांबरोबर विजेची आणि ग्राउंडची तारही असते. तांब्याची वाट लॅपटॉपपासून डॅकमधून अँपपर्यंत तशीच अखंड राहते. लोक डॅक बदलतात, मग वायर बदलतात, मग अँप, आणि गुणगुण आपली घरजावयासारखी बसलेली.

उपाय स्वस्तापासून सांगतो. लॅपटॉपचा चार्जर, डॅक आणि अँप एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, तेही भिंतीतल्या एकाच प्लगवर लाव. पुष्कळदा एवढ्यानेच ऐंशी टक्के काम होतं. नाही झालं तर आरसीएच्या वाटेत लावायचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो. गाडीच्या टेपसाठी विकतात तोही चालतो, फक्त हलक्या दर्जाचा असेल तर खर्ज थोडा खातो. यूएसबी आयसोलेटर हा त्यावरचा उपाय. घेताना त्याचा वेग विचार, १२ मेगाबिटचे जुने तुकडे दुसऱ्या वर्गाच्या डॅकला पुरे पडत नाहीत. डेस्कटॉप असता आणि त्याला ऑप्टिकल भोक असतं तर मी तेच सांगितलं असतं, कारण प्रकाशाच्या वाटेवर तांबंच नाही, वर्तुळ तुटलंच. डॅक आणि अँप दोन्हींना बॅलन्स्ड एक्सएलआरची सोय असेल, तर तीही गुणगुण चांगली मारते.

जे करायचं नाही ते ठळक सांगतो: अर्थची पिन कापायची नाही, आणि तीन पिनांना दोन पिनांत बसवणारा तो पांढरा तुकडा लावायचा नाही. गुणगुण जाते खरी, पण ज्या दिवशी आत काही जळेल त्या दिवशी डबा जिवंत होईल. उलट लॅपटॉपच्या पत्र्यावर हात फिरवताना मुंग्या आल्यासारख्या झिणझिण्या येत असतील, तर घरच्या प्लगला अर्थ पोचलेलीच नाही असं समज. भाड्याच्या फ्लॅटमध्ये हे सर्रास असतं. तिसरं भोक शोभेचं. स्क्रूड्रायव्हरवाल्या टेस्टरने फेज कळते, अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियनला मीटर घेऊन बोलाव, आणि घरमालकाने कुरकुर केली तरी हे काम करून घे. इन्व्हर्टरवर असतानाच घरघर वाढत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा आहे का बघ. त्यावर जड ट्रान्सफॉर्मरचे अँप रडतात. साइन वेव्हवर तो त्रास होत नाही.

अँपबद्दल थोडक्यात. वॅटच्या मागे लागू नकोस. तुझे स्पीकर एका वॅटला एका मीटरवर ८६ डेसिबल देतात असं धर. १० वॅटला ९६, १०० वॅटला १०६. वॅट दुप्पट केले की वाढतात जेमतेम ३ डेसिबल. दहा बाय बाराच्या खोलीत २० ते ३० खरे वॅट तुला आणि वरच्या मजल्यालाही पुरतील. खरे म्हणतो, कारण पूर्वी कॉम्प्युटर स्पीकरच्या खोक्यावर ‘१२०० वॅट पीएमपीओ’ छापायचे आणि आत पंधरा-वीस वॅटचा ट्रान्सफॉर्मर निघायचा. आताच्या तळहाताएवढ्या क्लास-डी अँपवर ‘३०० वॅट, दोन चॅनेल’ लिहितात, तीच जुनी विद्या. सोबतचा अडॅप्टर वाच: ३२ व्होल्ट, ५ अँपिअर असेल तर गुणाकार १६० होतो, त्याहून जास्त येणार कुठून? तरी हे अँप मला आवडतात. तापत नाहीत, जागा खात नाहीत, आवाज स्वच्छ. मात्र त्यांच्यातल्या बहुतेकांच्या डाव्या-उजव्या काळ्या टर्मिनल एकमेकींना जोडायच्या नसतात, जुन्या अँपमध्ये चालायचं तरी. स्पीकरसाठी घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पुरे. पाच मीटर जाऊन येऊन तिचा रोध ०.१२ ओहम, आठ ओहमच्या स्पीकरपुढे त्याला कोण विचारतो! पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सगळं मिळेल.

रात्री हेडफोनवर ऐकतोस म्हणालास. कानात घालायच्या गोळ्या १६-३२ ओहमच्या असतील तर वेगळा अँप नको. उलट फार ताकदवान अँपवर त्यांत सुरसुर ऐकू येते. सेनहायझर एचडी ६०० सारखे ३०० ओहमचे घ्यायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी. त्यांना एक व्होल्टला ९७ डेसिबल मिळतात, आणि तबल्याची थाप ११० पर्यंत न तुटता जायची तर साडेचार व्होल्ट लागतात. लॅपटॉपच्या भोकातून साधारण एकच मिळतो. वेगळ्या अँपला इथे खरं काम आहे. आवाज मात्र बेताने: जागतिक आरोग्य संघटनेचं माप आठवड्याला ४० तास, तेही सरासरी ८० डेसिबलपर्यंत. तुझ्या कानाचे सुटे भाग तपकीर गल्लीत मिळत नाहीत.

उरला प्रश्न, वाचलेले पैसे कुठे घालायचे. खोलीत घाल. तुझ्या हॉलमध्ये गुळगुळीत टाइल्स, उघड्या भिंती, काचेचं सरकतं दार; टाळी वाजवून बघ, खणखणीत शेपूट ऐकू येईल. त्यात डॅक काय करणार? जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांचं कपाट, एवढ्याने जो फरक पडेल तो सूनबाईंनाही पाठ न करता ऐकू येईल. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढ, मागच्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे. ट्विटर कानाच्या उंचीवर. दोन स्पीकर आणि तू असा सारख्या बाजूंचा त्रिकोण. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपास आणि दहा फुटांच्या रुंदीत ५६ च्या आसपास खोली आपणहून घुमते, म्हणून डग्ग्याचा एखादाच घुमार भलताच फुगतो. बसायची जागा फूटभर पुढे-मागे करून बघ. लोखंडी कपाटावर सूटकेस ठेवलेली असेल तर तिच्याखाली जाड कापड घाल, नाहीतर ती प्रत्येक समेला दाद देते. पितळी पायांऐवजी रबराचे चार तुकडे पुष्कळ झाले. एवढं करूनही पैसे उरले, तर मोठे, चांगले स्पीकर घे. विजेची हालचाल करून हवा ढकलण्याचं काम तेच करतात, आणि सगळ्यात जास्त बिघडवतातही तेच.

दिवाळीला येशील तेव्हा अँप घेऊन ये, आणि येण्याआधी बॅटरीची परीक्षा करून निकाल कळव. ५० ची गुणगुण आहे की १०० ची, ते फोनवर ऐकवलंस तरी चालेल. अर्थात फोनच्या स्पीकरमधून नको, त्यात दोन्ही ऐकू येणार नाहीत. रेकॉर्ड करून फाइल पाठव.

सूनबाईंना आशीर्वाद. कळावे.

तुझा,
मामा

ता. क. चालू करताना आधी लॅपटॉप आणि डॅक, सगळ्यात शेवटी अँप. बंद करताना आधी अँप. यूएसबी काढायची असेल तरीही आधी अँप बंद. हा क्रम चुकला की स्पीकरमध्ये ‘धप्’ होतं.